पंखाताईची तारीख

व्हिडिओ गेमचं कुठलंही मशीन दुरुस्तीला आलं की ती आधी कान लावून त्याचा पंखा ऐकते, म्हणून अख्खा बाजार तिला पंखाताई म्हणतो. वय सत्तेचाळीस, चष्मा कपाळावर आणि राग नाकावर. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक गिऱ्हाईक आत आलं की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. मशीन उघडावं तर आत कधी धुळीचा लगदा, कधी झुरळांचा भरला संसार. ताई दोन्ही सारख्याच निर्विकारपणे साफ करते.

पण निम्मे लोक येतात ते पुढचं मशीन कसं असेल, केवढ्याला पडेल, कधी येईल हे ऐकायला. तेव्हा मात्र तिची कळी खुलते.

"चिप वेगवान म्हणजे जास्त तापणार. म्हणजे पंखा मोठा, म्हणून पेटी मोठी. त्यात मेमरी महाग झालीये. मागच्याच्या दीडपटीखाली मिळालं तर माझं नाव बदला!"

आणि गेल्या दोन्ही खेपांना पेटीच्या आकारापासून किमतीपर्यंत तिचं सगळं जवळपास बरोबर आलं होतं. चुकायची ती फक्त तारीख. ती म्हणायची, येत्या सहा महिन्यांत. मशीन यायचं दोन वर्षांनी. तिच्या शब्दावर थांबलेली गिऱ्हाइकं मग तिच्या नावानं बोटं मोडायची. या खेपेलाही तिचे ते सहा महिने तीन वर्षं चालले होते.

समोरच्या दुकानातले घड्याळवाले काका तिला खिजवायची संधी सोडत नसत. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "पंखा कळतो, मेमरी कळते, मग तारखेलाच तुझी अक्कल कुठे चरायला जाते गं?"

एरवी तिनं काकांची सालटी काढली असती. त्या दिवशी तिनं नुसतीच चहावरची साय बोटानं बाजूला केली. काकांनी कप खाली ठेवला.

"नवं मशीन भाऊ आणतो ना तुझा? मागचं मशीनही त्यानंच आणलं होतं," ते हळूच म्हणाले. "तू मशीनची तारीख सांगतच नाहीस. त्याच्या येण्याची सांगतेस."

खरंच होतं ते. दादा दूर देशातल्या बंदरात क्रेन चालवतो. मशीन आधी तिकडे निघायचं, इकडे यायला वर्ष जायचं. म्हणून नवं निघालं की तो पेटी मांडीवर घेऊन विमानात बसायचा. असा तो दोनदा आला. मागच्या वेळी बारा दिवस राहिला. दोघं भावंडं जमिनीवर बसून गाड्यांच्या शर्यती खेळली, लहानपणीसारखी कोपरानं एकमेकांना ढकलत. हरला की अजूनही तो कंट्रोलर खराब आहे म्हणायचा. निघताना म्हणाला, "पुढचं आलं की येतोच." त्याला आता आठ वर्षं झाली होती. आठवड्याला फोन असतो. पण फोनवर कोपर लागत नाही.

शेवटी घोषणा झाली. काकांच्या मोबाईलवर दोघांनी ती पाहिली. पेटी मोठी, पंखा मोठा, किंमत बरोबर दीडपट. "जिंकलीस की गं!" काकांनी टाळी दिली. ताईचं लक्ष खालच्या ओळीकडे होतं. या वेळी मशीन सगळ्या देशांत एकाच दिवशी मिळणार होतं. बरोबर सांगितल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "पाहिलंस ना? या वेळी तुला माझी वाटच बघायला नको. तिथेच घेऊन टाक, पैसे पाठवतो मी."

"दादा, पेटीत एकच कंट्रोलर आहे."

"मग? दुसरा मिळत नाही का तिथे?"

"मिळतो रे." तिचा आवाज बारीक झाला. "तरी तू ये. मला तू हवा आहेस, मशीन नको."

पलीकडे क्रेनचा भोंगा वाजला, थांबला. "बघतो," तो म्हणाला. "सुट्टीचं काही सांगता येत नाही गं." मग त्यानं तिचा दुखरा गुडघा कसा आहे ते विचारलं, आणि फोन ठेवला.

ज्या दिवशी मशीन विक्रीला आलं, त्या दिवशी ताई नेहमीच्या वेळेला दुकानात होती. बाहेर लोक नव्या पेट्या मिरवत होते. तिनं घेतली नव्हती. काकांना तिला बोलतं करायचं होतं, म्हणून त्यांनी जुनाच विषय काढला.

"मग ताई, ह्याच्या पुढचं कधी?"

तिनं समोरच्या मशीनचा स्क्रू सावकाश पिळला.

"सात वर्षं," ती म्हणाली. "त्याच्या आत नाही."

दर खेपेला 'सहा महिने' ऐकलेल्या काकांनी खिजवायचं सोडून दोन चहा सांगितले.