पाती थांबेपर्यंत

ट्रॅक्टरवर चढण्याआधी तो खांद्यावरचा टॉवेल काढायचा, त्याची नीट घडी घालायचा आणि कडुनिंबाच्या खालच्या फांदीवर ठेवायचा. आमच्याकडे मोठ्या माणसासमोर खांद्यावरचा टॉवेल उतरवायची रीत आहे. त्यामुळे आमच्या प्राचार्यांना बरेच दिवस वाटत होतं की हा मान त्यांना आहे. ते व्हरांड्यातून हात वर करून तो स्वीकारतही असत. एकदा मी त्याला विचारलं, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "प्राचार्य ऐयांना वेगळा नमस्कार करतो, अम्मा. हा शाफ्टसाठी."

शाफ्ट म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून निघून गवत कापायच्या यंत्राला फिरवणारा लोखंडी दांडा. तो इतक्या वेगाने फिरतो की फिरतोय असं वाटतही नाही, आणि कापडाचं एखादं टोक सापडलं की माणसासकट ओढून घेतो. म्हणून टॉवेल झाडावर. म्हणूनच वेष्टी, म्हणजे इकडची लुंगी, सोडून खाकी पँट. हातातलं तांब्याचं कडंसुद्धा तो काढून पँटच्या खिशात ठेवायचा.

मुकुंद, रमा, मागच्या आठवड्यात तुम्ही परदेशातून पाठवलेला फोटो तुमच्या या आजीने पाहिला. मुकुंद गवत कापायच्या गाडीवर बसलाय आणि रमा त्याच्या मांडीवर हसतेय. फोटो छान आला आहे. पण तो पाहून मला या माणसाची आठवण झाली आणि वाटलं, त्याच्याविषयी तुम्हाला लिहावं. तुमचे बाबा वाचून दाखवतील. त्याचं नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत असू.

तेव्हा मी तंजावूरबाहेरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. कॉलेजचं मैदान मोठं होतं. पूर्वी तिथलं गवत शेजारच्या गावातल्या बायका विळ्याने कापून म्हशींसाठी नेत. मग परदेशातून वस्तू आणणं सोपं झालं आणि आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ट्रॅक्टरला मागे जोडायचं गवत कापायचं यंत्र भेट म्हणून पाठवलं. एक रुंद पत्र्याचं झाकण, त्याखाली तीन पाती, चार कोपऱ्यांना चार लहान चाकं. सोबत इंग्रजी पुस्तिका. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्ही व्यवस्थित आहात, मैदान तुमच्याकडे." माझ्या व्यवस्थितपणाचं असं पुष्कळदा झालं आहे.

ड्रायव्हर पापनाशमजवळच्या एका गावाहून बसने यायचा. आयुष्यभर भाताच्या चिखलात ट्रॅक्टर चालवलेला माणूस. इंग्रजी त्याला येत नव्हतं, म्हणून मी तीन दुपारी त्याला ती पुस्तिका तमिळमध्ये वाचून दाखवली. तो जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि प्रत्येक सूचनेनंतर विचारायचा, "कितवं पान?" मी सांगितलं की मान हलवायचा. तिसऱ्या दुपारी माझ्या लक्षात आलं की त्याला सगळं पानांसकट पाठ झालं आहे.

त्यानंतर तो कुणाशीही पानांनीच बोलू लागला. बागेतल्या माळ्याला ट्रॅक्टरवर मागे उभं राहून फाटकापर्यंत जायचं होतं. हा म्हणाला, "पान सहा. एक सीट, एक माणूस." माळी म्हणाला, "गावाकडे तुझ्या ट्रॅक्टरवर आठ जण बसायचे की!" "तेव्हा पुस्तक नव्हतं," तो म्हणाला.

कापायच्या दिवशी सकाळी आधी तो सगळं मैदान पायी फिरायचा. खडे, तारा, बाटल्यांची बुचं, एकदा तर आमच्या गणिताच्या सरांचा हरवलेला चष्मा, सगळं एका टोपलीत गोळा करायचा. पात्याखाली आलेला खडा गोळीसारखा सुटतो, म्हणून मैदानात कुणी असेपर्यंत तो किल्ली लावायचा नाही. प्राचार्य एकदा वैतागून म्हणाले, "ड्रायव्हर, हे मैदान आहे की विमानतळ?"

"विमानतळावर लोक ऐकतात, ऐया."

सर्वांत प्रसिद्ध होतं पान अकरा. इंजिन बंद केलं तरी पाती लगेच थांबत नाहीत, ती थांबेपर्यंत जवळ जाऊ नये, असं त्या पानावर होतं. किती वेळ, ते लिहिलं नव्हतं. त्याला ते मुळीच आवडलं नाही. मग एका सकाळी मी लांब उभी राहून घड्याळ धरलं आणि त्याने सीटवर बसून आकडे मोजले. बाराव्या आकड्याच्या सुमारास पाती थांबली. तेव्हापासून तो वीसपर्यंत मोजायचा, मोठ्याने, तमिळमध्ये, आणि मगच उतरायचा. वसतिगृहाच्या व्हरांड्यातल्या मुली त्याच्या सुरात सूर मिसळून मोजायच्या. एकदा एकीने विचारलं, "अण्णा, वीसनंतर काय येतं?"

"उतरणं येतं," तो म्हणाला आणि उतरला.

सहा वर्षं तो रोजंदारीवर होता. विद्यापीठाची तपासणी समिती येऊन गेली की त्याला कायम करायचं असं ठरलं होतं. कागद तयार होता, फक्त सही राहिली होती. त्याने कुणाला न सांगता एक नवा खाकी शर्ट शिवून घेतला होता. शिंपी आमच्याच गल्लीतला, म्हणून मला कळलं. खिशावर कॉलेजचं नाव धाग्याने भरायला जागा सोडा, असं त्याने शिंप्याला सांगितलं होतं.

समिती आली ती आडी महिन्यात, म्हणजे आमच्याकडे वारा सुटतो त्या दिवसांत. मी रेशमी साडी नेसले होते. हातात दिवसभराच्या कार्यक्रमाचा कागद होता. कोण कुठे बसणार, कॉफी कधी, कोणती खोली आधी दाखवायची, सगळं त्यावर होतं. पाहुण्यांच्या गाड्या फाटकाशी आल्या तरी व्यासपीठापुढचा एक पट्टा कापायचा राहिला होता. चपराश्याला पाठवण्याऐवजी मी स्वतःच मैदानात गेले, तेही मागच्या बाजूने.

त्याने मला पाहिलं. ताबडतोब शाफ्टचा दांडा ओढून यंत्र सोडवलं, इंजिन बंद केलं. आवाज थांबला. त्याच क्षणी वाऱ्याने माझ्या हातातला कागद ओढून नेला आणि तो यंत्राच्या पत्र्याच्या कडेला जाऊन अडकला. अर्धा आत, अर्धा बाहेर. मी दोन पावलं टाकली, वाकले आणि हात पुढे केला.

घड्याळ धरून मीच उभी राहिले होते, हे पुन्हा सांगते. त्या क्षणी मला त्यातलं काहीही आठवलं नाही. आवाज नाही, म्हणजे यंत्र थांबलं, एवढंच डोक्यात.

तो ओरडला असणार. मला ऐकू आलं नाही. माझ्या मनगटावर काहीतरी जोरात आदळलं आणि मी हात मागे घेतला. कागद आत ओढला गेला आणि दुसऱ्या बाजूने त्याचे तुकडे गवतावर उडाले. माझ्या पायाशी टायरच्या रबराची एक जाड चप्पल पडली होती. बूट देऊ असं ऑफिसने त्याला दोन वर्षं सांगितलं होतं. ते आले नव्हते.

तुकडे मी पाहिले, त्याने पाहिले. बाकीच्यांना व्हरांड्यातून आणि फाटकाशी थांबलेल्या गाड्यांतून एवढंच दिसलं, की ड्रायव्हरने पायातली चप्पल काढून मॅडमना मारली. तीसुद्धा पाहुण्यांसमोर. आमच्या मुलखात याहून मोठा अपमान नाही, हे तुम्हाला तिकडे राहून कदाचित कळणार नाही.

प्राचार्यांच्या खोलीत समितीचे लोक कॉफी पीत बसले होते. प्राचार्यांनी विचारलं, "मॅडम, काय झालं?"

"त्याने चप्पल फेकली," मी म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. पण एवढंच बोलून मी थांबले. माझा हात दुखत होता, सगळे बघत होते, आणि मैदानाची जबाबदारी असलेली बाई चालत्या पात्यात हात घालायला निघाली होती, हे पाहुण्यांपुढे म्हणवत नव्हतं.

घरी तुमच्या आजोबांनी मीठ गरम करून पुरचुंडीने मनगट शेकलं. त्यांना मी सगळं सांगितलं. ते घरातल्या तंजावरी मराठीत म्हणाले, "हे त्यांस सांगितलीस?"

"नाही."

"मग मज कां सांगतेस?"

सकाळी कॉलेज उघडायच्या आधी मी प्राचार्यांच्या दारात उभी होते. चूक माझी होती, त्याने माझी बोटं वाचवली, असं मी बोलले आणि इंग्रजीत लिहूनही दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. ते वाईट माणूस नव्हते. "मी त्याला कालच यायला नको म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही काल बोलला असता तर गोष्ट वेगळी होती. आता सगळ्यांनी पाहिलंय. त्याने येऊन चार लोकांसमोर माफी मागावी. मी कागदावर सही करतो."

रविवारी मी बसने त्याच्या गावी गेले. त्यानंतर तो मला कधी भेटला नाही, म्हणून हे नीट लिहिते. कालव्याच्या बांधावरून चालत गेले. पाणी नुकतंच सोडलं होतं. तो कुणाच्या तरी शेतात लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर लावून चिखल करत होता. मला पाहताच त्याने पंजा वर केला, तिथेच थांबा म्हणून. मी थांबले. तो ट्रॅक्टर बंद करून कालव्यावर आला, पाय धुतले आणि माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला.

"एवढ्या लांब कशाला आलात, अम्मा? उन्हात?"

मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी मी काय बोलले आणि काय बोलले नाही, तेही सांगितलं.  मग मी प्राचार्यांचा निरोप सांगितला. माफी मागितलीत की सही होईल, म्हणाले.

"माफी कशाची?"

"चपलेची."

त्याने थोडा विचार केला. "चप्पल वाईटच. आणखी काही हाताशी नव्हतं." त्याने हात जोडले. "तुमची माफी आत्ता मागतो."

"मला नको. माफी मीच तुमची मागायला हवी. तुम्ही फक्त तिथे या. दोन मिनिटांचं काम आहे."

"तिथे नाही, अम्मा."

"सहा वर्षं थांबलात. कागद तयार आहे."

"माहीत आहे." तो शेताकडे बघत होता. "पण चार लोकांसमोर मी माफी मागितली, तर ते सगळे ती बघतील. माळी बघेल, पोरी बघतील. पुढच्या वेळी कुणी हात घातला, तर कोण फेकेल?"

 मी तयार करून आणलेली वाक्यं तशीच राहिली. बांधावर एक बगळा आमच्याकडे पाहत उभा होता, आणि मालकाचा माणूस लांबून हाक मारत होता, ट्रॅक्टर का थांबलाय म्हणून.

"बसमध्ये खिडकीशी बसा, वारा लागेल," तो म्हणाला. जायला वळला आणि परत फिरला. "हात दाखवा, अम्मा."

मी उजवा हात पुढे केला. मनगटावर निळा-जांभळा डाग होता. त्याने स्पर्श केला नाही. वाकून पाहिलं.

"उलटा करा."

केला.

"मूठ मिटा. आता उघडा."

मी मूठ मिटली आणि उघडली. त्याने पाचही बोटं एकेक करून पाहिली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"सेरी," तो म्हणाला, म्हणजे ठीक आहे, आणि चिखलात उतरला.