दाऊद पिंजाऱ्याची रेवेली

नंदुरबारच्या पिंजार गल्लीत दाऊद राहायचा. दिवसभर लोकांच्या गाद्या-रजया भरायच्या आणि पहाटे त्याच लोकांना रजईतून बाहेर काढायचं, असा त्याचा उफराटा कारभार. पहिल्या महायुद्धात तो बसऱ्याला पलटणीत बिगुलवाला होता. येताना त्याने दोनच गोष्टी आणल्या. एक मोडीत काढलेला, पोचे आलेला बिगुल, आणि दुसरा ‘रेवेली’ हा शब्द.

रेवेली म्हणजे फौजेतला पहाटेचा, झोपेतून उठवायचा बिगुल. शब्द गोऱ्यांचा, पण अर्थ दाऊद आपल्या पद्धतीने सांगायचा. “उठा, रात सरनी, तुम्हीन जित्ता शेतस.” रेवेली झाली की सुभेदारापासून भटाऱ्यापर्यंत सगळे उठणार, पण तिच्याआधी कुणी कुणाला उठवायचं नाही, शिपायाच्या मालकीची तेवढी झोपच असते, असं तो म्हणे. सोबत्याला मूठमाती दिली की कबरीवर आधी निजेचा बिगुल वाजायचा आणि पाठोपाठ रेवेली. मेलेल्याला कशाला उठवता, असं कुणी विचारलंच तर तो म्हणे, “त्यालेबी कधी ना कधी उठनं शे.” बसऱ्याला त्याने अशा फार रेवेल्या वाजवल्या होत्या.

त्याच पलटणीत नंदुरबारचाच पितांबर नाईक होता. पहाऱ्याचं घड्याळ त्याच्याकडे असे. तो कंदील हलवी आणि दाऊद बिगुल ओठांना लावी. बिगुलवाल्याने आभाळाकडे बघायचं नसतं, पहाऱ्याच्या कंदिलाकडे बघायचं असतं. ही शिस्त दाऊदच्या अंगात पार मुरली होती.

लढाई संपली आणि पितांबर मिरचीच्या पथारीवर मुकादम झाला. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मिरची वाळवायचं मैदान. हिवाळाभर गल्लीतल्या बाया तिथे रोजंदारीवर देठ खुडायला जात, दाऊदची बायको मदिनासुद्धा. जिला उशीर होई तिला पितांबर फाटकावरूनच परत धाडी. एके दिवशी तोच दाऊदच्या दारात येऊन बसला.

“दाऊद, तू रेवेली वाजाड. बाया येळवर येतीन, कोनी मांगे फिराव नही.”

दाऊदला आकाश ठेंगणं झालं. आपल्या गावात, आपल्या गल्लीत रेवेली! त्याने काही मागितलं नाही, पितांबरनेही काही देऊ केलं नाही. पहाटे पथारीच्या फाटकावर कंदील हलला की गल्लीच्या तोंडाशी बिगुल वाजू लागला. थोड्याच दिवसांत शब्द बायांच्या तोंडी बसला. “रेवेली व्हयनी का वो?” असं एकमेकींना विचारत त्या चुली पेटवायच्या. शेजारची तुळशीबाई भारी खाष्ट सासू, पण तीही रेवेली झाल्याशिवाय सुनेला हाक मारीनाशी झाली. दाऊदला ह्याचा केवढा अभिमान!

पुढे थंडी वाढली आणि मदिना कुरकुरू लागली. आधी रेवेलीनंतर चूल पेटते न पेटते तोच सुरतेच्या गाडीची शिट्टी व्हायची. आता गाडी येईतो पथारीवर अर्धा ढीग खुडून झालेला असतो, असं ती म्हणाली.

“गाडी लेट व्हई,” दाऊद म्हणाला.

“रोज लेट ऱ्हास का?”

“पितांबर मन्हा पलटणना शे. तो खोटं कराव नही!”

मशिदीची बांगही हल्ली बिगुलानंतर बऱ्याच वेळाने व्हायची. थंडीत उशिरा उजाडतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. काय म्हणावं ह्या माणसाला? डोक्यावर सगळं आभाळ चांदण्यांनी भरलेलं, आणि हा बघतोय कंदिलाकडे.

मग एक दिवस पथारीवर तुळशीबाई पेंगता पेंगता मिरचीच्या ढिगातच कलंडली. डोळ्यांत तिखट गेलं. बायांनी तिला धरून घरी आणलं तेव्हा तिचं ओरडणं गल्लीभर ऐकू येत होतं. दुसऱ्या पहाटे दाऊदने रेवेली वाजवली आणि बिगुल काखेत मारून तो तडक स्टेशनावर गेला. खरं तर मदिनाला खोटं पाडायलाच गेला. स्टेशनच्या घड्याळात रेवेलीच्या ठरल्या वेळेला अजून तासभर होता, आणि चौकशी केली तर गाडी महिनाभरात एकदाही लेट झाली नव्हती.

तो पथारीवर पोचला तेव्हा सगळ्या बाया खाली मान घालून खुडत होत्या. त्यांच्यादेखत त्याने पितांबरला जाब विचारला. पितांबर हसला.

“मी कोनले बलावं? त्या तुन्हा बिगुलवर उन्यात.”

बायांचे हात थांबले. दाऊदने विचारलं, “बसऱ्यालेबी तू असाच कंदील हलावत व्हता का?”

पितांबर पाठ फिरवून पोती मोजायला गेला. दाऊदचं काळीज फाटलं ते इथे. ज्यांच्या आठवणीवर तो लढाईनंतर जगत आला, त्या बसऱ्याच्या पहाटाही आता त्याला खऱ्या वाटेनात.

संध्याकाळी मदिनाने त्याच्यापुढे भाकरी ठेवली आणि एवढंच म्हणाली, “भरोसा तुमना व्हता, घड्याळना नही.”

दुसऱ्या दिवशी तो स्टेशनचं घड्याळ बघून पळतच गल्लीत आला आणि अगदी खऱ्या वेळेला त्याने रेवेली वाजवली. एक सूर चुकला नाही. पण कुठे दिवा लागला नाही, तुळशीबाईच्या घरात भांडं वाजलं नाही. त्याच्या स्वतःच्या घरात मदिनाने, त्यानेच भरलेली रजई डोक्यावरून ओढून घेतली. थोड्या वेळाने सुरतेच्या गाडीची शिट्टी झाली आणि एकेक दार उघडू लागलं.

कबरींवर रेवेली वाजवताना दाऊदने समोरचा उठेल अशी आशा कधी धरली नव्हती. इथे सगळी गल्ली पांघरुणात जागी होती, आणि त्याच्या बिगुलावर कुणीही उठलं नव्हतं.