माझा पाय दारात काढून ठेवला

मांडीवर ताट आलं तेव्हा मला वाटलं, प्रसाद आला. मी दोन्ही हात पुढे केले. ताट रिकामं.

अण्णा, म्हणजे आंब्याच्या बागेचे मालक, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता ह्या पांगळ्या पोरीच्या ताटात टाका. मुंबईला जायचंय तिला. खेळायला!"

मागून कोणीतरी बोललं, "काय, लंगडी?"

सगळं माजघर हसलं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट, रत्नागिरीजवळच्या आमच्या गावची. मी सोळाची. पोलिओनं डावा पाय गेलेला. पण शाळेतल्या सरांनी मला खुर्चीत बसवून गोळा फेकायला शिकवलं. गोळा कुठला आमच्याकडे? जांभा दगड घासून गोल केलेला. मुंबईतल्या अपंगांच्या स्पर्धेला निवड झाली आणि भाड्याशी घोडं अडलं. आई अण्णांकडे आंब्याच्या पेट्या भरायची. तिनं शब्द टाकला. पहिल्या पेट्या मुंबईला गेल्या की अण्णांकडे सत्यनारायण असायचा. म्हणाले, "पूजेला आण तिला, देतो." देतो म्हणाले, बरं का. गोळा करून देतो, असं नव्हते म्हणाले.

उठून जावं, तर कुबडी कुठे? "बाहेरची काठी पूजेजवळ नको," म्हणून अण्णांच्या बायकोनं, काकींनी, दारातच काढून घेतलेली. पडवीत, चपलांच्या ढिगात पडली होती. लोकांनी चपला काढल्या. माझा पाय काढून ठेवला.

नाणी पडत होती. एका बाईनं तर नाणं आधी कपाळाला लावून टाकलं, देवापुढे टाकतात तसं. मी आईकडे बघितलं.

"बस गो बाय गप. अख्खा हंगाम काढायचाय मला हितं."

बसले. मग लक्ष गेलं उजव्या हाताकडे. दगड फेकणारा हात. ताट सांडू नये म्हणून काठ घट्ट धरून बसलेला. पायाची कधी वाटली नाही एवढी त्या हाताची लाज वाटली.

ताट खाली ठेवलं. हात टेकले आणि बसल्या बसल्या सरकत निघाले. बाया लुगडी आवरून बाजूला झाल्या. कोणी उचलायला आलं. "हात लावू नका."

पडवीत कुबडी घेतली. उभी राहिले.

"अगो, पैसे राहिले!" अण्णा.

"अण्णा, मी गोळा फेकते. ताट धरत नाही."

त्यांचे आंबे मुंबईला गेले, मी नाही. आईचं काम दुसऱ्याच दिवशी सुटलं. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. हेही सांगायला हवं.

मी रोज घरापुढच्या खळ्यात दगड फेकत होते. पुढच्या वर्षी पुन्हा निवड झाली, पुन्हा भाडं मागायला गेले, कचेरीत, बंगल्यांत. निवडीचं पत्र टेबलावर ठेवून. उभ्यानं. कोणी म्हणालं, काठी बाहेर ठेवा, की मी काठीसकट बाहेर. आजही.