वहिनीला दिसलेला डाग

आमच्या घरात पिवळे डोळे ही वडिलोपार्जित मिळकत. आजोबांपासून चालत आलेली. दगदग झाली, जेवण चुकलं की पिवळेपणा वाढतो. दोन दिवस आराम केला की उतरतो. ही कावीळ आनुवंशिक आहे, तिने कुणाचं काही बिघडत नाही, असं एका डॉक्टरांनी वडिलांना सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून कुणी काळजी दाखवली की आम्ही त्यालाच वेड्यात काढायचो.

त्यामुळे मागच्या वर्षी माझे डोळे जास्तच पिवळे झाले, जेवण जाईना, भर दुपारी कामावर डुलक्या येऊ लागल्या, तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

पाहिलं ते वहिनीने. ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात कामाला. चादरींच्या ढिगातून चहाचा डाग कुठला, गंजाचा कुठला, हे नुसत्या नजरेने सांगते. एका रविवारी ती माझा पायजमा घेऊन बैठकीत आली, सगळ्यांसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भावजी, अकरा वर्षं या घरातले कपडे धुतेय," ती म्हणाली. "लघवीचा इतका काळपट डाग कुणाच्याच कपड्यावर पाहिला नाही. ही तुमची घरची कावीळ नाही."

आई म्हणाली, हिचं आपलं काहीतरीच. दादा तर पोट धरून हसला. वहिनी मात्र हट्टाला पेटली. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून तिने मला दवाखान्यात नेलंच, पायजमा पिशवीत घालून. सुदैवाने डॉक्टरांनी तो बाहेर काढू दिला नाही. पण तिचं ऐकून ते गंभीर झाले; घरच्या काविळीत लघवी गडद होत नाही, म्हणाले. तपासणीत दोन्ही निघालं: आमची जुनी निरुपद्रवी कावीळ, आणि तिच्याआड वर्षानुवर्षं लपलेली, विषाणूमुळे आलेली यकृताची सूज. आणखी वर्ष-दोन वर्षं गेली असती तर यकृत कायमचं निबर झालं असतं. आता रोज एक गोळी घेतो आणि दोन वेळा पोटभर जेवतो. हे वहिनीचे उपकार आहेत, आणि ते मी चारचौघांत सांगतो.

हा विषाणू घरात आणखी कुणाला असू शकतो, म्हणून सगळ्यांचं रक्त तपासलं. बाकीचे सुटले. दादा सापडला. त्याला ना थकवा होता, ना कपड्यांवर डाग.

वहिनी दवाखान्याच्या बाकावर मटकन बसली.

"यांचे कपडे तर रोज माझ्या हाताखालून जातात," ती म्हणाली. "मला काहीच दिसलं नाही. तुम्ही आजारी पडलात म्हणून कळलं, भावजी."

आणि तिने चक्क मला हात जोडले. तिचे आभार कसे मानायचे याचे शब्द मी आठवडाभर जुळवत होतो. मी तिच्याशेजारी बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.