चाफ्याला ठिबक

आमच्या सिंधीपुऱ्यातल्या घराच्या अंगणात एक पांढरा चाफा होता. कागद कारखान्याच्या वसाहतीत वडिलांना क्वार्टर मिळालं होतं, त्याच्या दारातल्या झाडाची फांदी आणून मी तो लावला होता. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, ते झाडही पुढे कुणीतरी तोडलं. माहेर म्हणून दाखवायला माझ्याकडे एवढंच उरलं होतं. अंगणात कशाला किती पाणी, कधी खत, हे मी लिहून फ्रिजवर लावते. चाफ्यापुढे लिहिलं होतं: काही करू नये.

गेल्या हिवाळ्यात सासरे गुडघ्यांमुळे शेत धाकट्या दिरांवर सोपवून आमच्याकडे राहायला आले. आबांनी जन्मभर केळी केली. रिकामे हात त्यांना सोसत नाहीत. थंडीत चाफ्याची पानं गळतात, तशी गळली. आबांना ते दुखणं वाटलं. मी ऑफिसात असताना त्यांनी शेतावरून नळी मागवली आणि चाफ्याला ठिबक बसवलं. पोटॅश दिलं. धूळ नको म्हणून, केळीच्या घडाला घालतात ती पिशवी शेंड्याला चढवली. अंगणात कुणी नुकतंच ऑपरेशन करून आलेलं उभं आहे असं वाटत होतं.

मी पिशवी काढली, व्हॉल्व्ह बंद केला. सकाळी चालू. मी बंद करून जायची, परत येईपर्यंत पुन्हा चालू. दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो. जेवताना आबा एवढंच म्हणायचे की या मोहल्ल्यात कुणीतरी नळांशी खेळतं. नवरा खाली मान घालून वरण वाढून घ्यायचा.

मग एका रविवारी मी खोडावर अंगठा दाबला, तो पिकल्या पपईत जावा तसा आत गेला. बुंधा सडत होता. वरच्या चार फांद्या अजून टणक होत्या. सड तिथे पोचायच्या आत त्या उतरवल्या नाहीत, तर सगळंच गेलं. कोयता आबांचा, आणि हातही त्यांचाच चांगला. पण तुमच्या पाण्यानं सडलं, हे त्यांना सांगायचं कसं? शेवटी मी केळीच्याच हिशेबानं बोलले; घड उतरला की आईझाड तोडतात आणि बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, म्हणजे पील, वाढवतात.

“आबा, याची आई संपली. आता पील धरायचं.”

ते उठले, खोड दाबून पाहिलं.

“पाणी जास्त झालं का गं?”

“थोडं झालं.”

“थोडं? यात धान लागलं असतं.”

एकेका घावात त्यांनी फांद्या उतरवल्या. चीक गळत असतानाच ते बादली भरायला निघाले. मी सांगितलं, या फांद्या आठवडाभर सावलीत कोरड्या ठेवायच्या, मग कुंड्यांत वाळूमिश्रित मातीत लावायच्या, आणि पान फुटेपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच. मी बाळंतिणीला उपाशी ठेवते आहे अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तरी ऐकलं. फांद्या व्हरांड्यात होत्या तोवर खुर्ची टाकून राखणीला बसले. कामवालीचा ओला पोछा जवळ आला की तिला हटकायचे.

तीन फांद्या गेल्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमारास चौथीच्या टोकाला हिरवं दिसलं. मी ऑफिसला निघाले होते; आबांनी फाटकातून परत बोलावलं आणि बोट न लावता दाखवलं.

“आता देऊ? एक कप?”

मी अर्धा म्हटलं. आबा चहाचा कप भरून घेऊन आले, माझ्यासमोर त्यातलं अर्धं पाणी स्वतः प्यायले आणि उरलेलं कुंडीत घातलं.