दक्षिण ध्रुव दिसेपर्यंत

माझी मुलगी एकता सिंगापूरमध्ये सूर्यावर काम करायची. तिथे अर्धा वेळ ढग असतात आणि तिच्या संस्थेत दुर्बीणही नव्हती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारलं, "मग बघतेस कशातून?"

"उपग्रह बघतात, बाबा. मी आकडे बघते."

मला ते काम वाटलं नाही. नंतर वाटलं.

मी हिंगण्याच्या फाउंड्रीत मोल्डर होतो. वाळूचे साचे करायचो. निवृत्त झालो, तिची आई सरला गेली आणि एकताने मला बोलावून घेतलं. नात मैत्रेयी शाळेतून आली की घरी कुणी तरी हवं होतं. जावई उज्ज्वल पुण्यात नोकरीला. एकताची नोकरी पक्की झाली की तो येणार होता. शहराच्या पुंगोल भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहायचो.

सकाळी एकता वंदना म्हणायची, डबे भरायची आणि निघायची. जाताना दाराचं कुलूप दोनदा ओढून बघायची. सगळं दोनदा. भाजीत मीठ टाकलं तरी पुन्हा चव घ्यायची. ही सवय माझी. लहानपणी गणित सुटलं तरी मी तिला वही बंद करून परत सोडवायला लावायचो. उत्तर बरोबर आणि रीत चुकीची, हे मला चालत नसे. ती रडायची, पण सोडवायची.

तिचं काम तिने एकदा जेवणाच्या टेबलावर समजावलं. हातात संत्रं होतं.

"सूर्य म्हणजे मोठं चुंबक समजा. वर एक ध्रुव, खाली एक. साधारण अकरा वर्षांनी ते उलटतात. वरचा खालच्यासारखा होतो, खालचा वरच्यासारखा."

"फट्कन?" मैत्रेयीने विचारलं.

"नाही गं. सूर्यावर काळे डाग पडतात ना, ते विरतात. त्यांच्यातलं चुंबकत्व तुकड्यातुकड्यांनी ध्रुवाकडे सरकतं. ते जुन्याच्या उलट असतं. जुनं झिजत जातं, शून्यावर येतं, मग नवं साचायला लागतं. वर्ष-दोन वर्षं लागतात. आणि दोन्ही ध्रुव एकदम उलटत नाहीत. यंदा उत्तर पुढे आहे, दक्षिण मागे."

"मग मध्ये दोन्ही सेम? चीटिंग, लाह," ती म्हणाली. तिथल्या मुलांसारखं तीही वाक्याला "लाह" जोडायची.

"थोडे दिवस सेमच. आहेच तसं."

तिने संत्रं जरा कलंडवलं. सूर्य आपल्याकडे असा कलतो, म्हणाली. मार्चच्या सुमारास दक्षिण ध्रुव बरा दिसतो, सप्टेंबरच्या सुमारास उत्तर. उरलेल्या काळात तो ध्रुव कडेला जातो, पलीकडे दडतो. तेव्हाचे आकडे मोजलेले नसतात. आधीच्या आणि शेजारच्या आकड्यांवरून अंदाजाने भरलेले असतात.

मला आवडलं ते एवढंच, की सूर्यसुद्धा हे काम रेटून रेटून करतो. झटक्यात काही होत नाही.

२०१३च्या जानेवारीत तिने शोधनिबंध पाठवला. दक्षिण ध्रुव आदल्या ऑक्टोबरमध्येच शून्य ओलांडून गेला, असं त्यात लिहिलं होतं. असं तेव्हा दुसरं कुणी म्हणत नव्हतं. मे महिन्यात निबंध स्वीकारला गेला. तिचे वरिष्ठ निशिकांत सर खूश झाले. मूळचे पुण्याचे, आमच्यापासून दोन ब्लॉक पलीकडे राहायचे. ते म्हणाले, या निबंधावर तुझा करार वाढतोय असं समज.

करार जुलैअखेर संपत होता. करार गेला की नोकरीचा परवाना, एम्प्लॉयमेंट पास, जाणार आणि पास गेला की देश सोडायचा. पण एकताला भीती देशाची नव्हती. ती म्हणायची, "बाबा, हे उलटणं मी या कामावर असतानाच पूर्ण व्हायला हवं. पुढचं अकरा वर्षांनी. तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली असेन. मला कोण घेईल?"

निबंध स्वीकारला जाण्याआधीच मार्चचे आकडे आले होते. त्यांत दक्षिण ध्रुव अजून जुन्याच बाजूला होता. ती अस्वस्थ झाली. मग तिने स्वतःची समजूत काढली. उत्तर ध्रुवही शून्याभोवती पुढेमागे घुटमळत होता. दक्षिण तसंच करत असेल. असं म्हणून तिने सोडलं. पण सोडलं म्हणजे पाठ फिरवली एवढंच. जेवताना ती मध्येच थांबायची.

जूनमध्ये धूर आला. सुमात्राकडे रानं जळत होती, सगळं शहर राखाडी झालं. शाळेला सुट्टी होती. खिडक्या बंद, मास्क, घशात जळका वास. दुपारी सूर्य तांब्याच्या थाळीसारखा लाल दिसे. नुसत्या डोळ्यांनी बघता येई.

"आजोबा, बघा ना, कुठला ध्रुव उलटा आहे?" मैत्रेयी म्हणायची.

एकता खिडकीकडे बघतही नसे. त्या आठवड्यात घरूनच काम होतं. तिने पहिल्यापासून सगळं पुन्हा करायला घेतलं. मूळ आकडे परत उतरवले. प्रोग्राम ओळीओळीने वाचला. मी चहा ठेवायचो, गार झालेला उचलायचो. तिसऱ्या दिवशी ती खुर्चीत तशीच बसून राहिली. लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत. मी विचारलं, "काय झालं?"

"भरलेल्या आकड्यांना खूण असते, बाबा. हा मोजलेला, हा भरलेला. मी सुरुवातीला प्रोग्राम जलद चालावा म्हणून तो खुणांचा रकाना काढून टाकला होता. परत घालायचा राहिला."

"मग?"

"ऑक्टोबरमध्ये दक्षिण ध्रुव दिसतच नव्हता. ते सगळे भरलेले आकडे आहेत. मी अंदाजाला शोध म्हटलं."

ती रडली नाही. रडली असती तर मला काही करता आलं असतं.

तिने निशिकांत सरांना फोन केला. ते संध्याकाळी धुरातून चालत आले. मास्क हनुवटीवर ओढून सोफ्यावर बसले.

"एकता, एक सांग. दक्षिण ध्रुव उलटणार आहे की नाही?"

"उलटणार आहे, सर. जवळच आलाय."

"मग झालं तर. आज नाही तर दिवाळीपर्यंत. महिने थोडे इकडचे तिकडे. निबंध छापून येऊ दे. करार होऊ दे. मग पुढच्या निबंधात सुधारून टाक. जग असंच चालतं."

"मी लिहिलंय की तो उलटलेला दिसला. मला दिसलेला नाही."

"अगं, वाचणारे पंधरा लोक."

"त्यातला एक तरी त्यावर पुढचं काम करेल."

सर माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही सांगा हिला. तुमच्या फाउंड्रीत काय सगळं ओतकाम एक नंबर निघायचं का?"

"नाही निघायचं," मी म्हणालो. मग एकताकडे बघून म्हणालो, "सर म्हणतात ते ऐक. आधी पास होऊ दे. नंतर दुरुस्त कर. मैत्रेयीची शाळा आहे. उज्ज्वलला काय सांगशील?"

ती माझ्याकडे वळली.

"बाबा, गणित बरोबर आलं तरी तुम्ही वही मिटायला लावायचात."

"तेव्हा पास नव्हता मध्ये."

"एवढाच फरक का?"

निशिकांत सरांनी मास्क वर ओढला. "हा घरचा वाद आहे," म्हणाले आणि उठले. दाराशी थांबून त्यांनी एवढंच सांगितलं, "निबंध मागे घेतलास तर माझ्याकडे दाखवायला काही राहत नाही. मी भांडू शकणार नाही." माणूस वाईट नव्हता. खरं तेच बोलला.

दुसऱ्या दिवशी तिने निबंध मागे घेतला. कारण स्वच्छ लिहिलं, स्वतःच्या नावाने. धूर उतरला, आकाश निवळलं. करार वाढला नाही.

जुलैभर ती रोज ऑफिसला गेली. मला राग यायचा. म्हणायचो, "आता कुणासाठी राबतेस?" ती म्हणायची, "प्रोग्रामात तो रकाना परत बसवतेय. माझ्यानंतर जो येईल त्याने फसू नये." फाउंड्रीत मी बरेच चांगले कारागीर पाहिले. काढून टाकलेला माणूस साचा इतका घासून देताना पाहिला नव्हता. शेवटच्या आठवड्यात तिला ताप होता. तरी गेली.

घर रिकामं करताना मैत्रेयीने शाळेचा गणवेश द्यायला नकार दिला. "आय अ‍ॅम कमिंग बॅक, लाह," म्हणाली. तो आम्ही सामानात घेतला.

पुण्यात उज्ज्वलची दोन खोल्यांची जागा होती. एकताने विद्यापीठात, संस्थांत, सगळीकडे विचारलं. मागे घेतलेला निबंध तिच्या नावापुढे लागला होता. का मागे घेतला, हे कुणी वाचत नव्हतं. शेवटी एका शिकवणीत अकरावीचं भौतिकशास्त्र घेऊ लागली. उपग्रहाचे आकडे सगळ्यांना खुले असतात. पुण्यातूनही बघता आले असते. तिने तो लॅपटॉप कपाटात वरच्या फळीवर ठेवला. मैत्रेयीने एकदा काढायला स्टूल लावलं तर एकता तिच्यावर ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

डिसेंबरअखेर टीव्हीवर बातमी आली. सूर्याचे दोन्ही ध्रुव उलटले, असं कुणीतरी शास्त्रज्ञ परदेशातून सांगत होते. मैत्रेयी स्वयंपाकघरात धावली.

"आई, साउथपण झाला. तू म्हणालेलीस तसंच."

एकता कांदा चिरत होती. हात थांबला.

"मोजलेला सांगतात की भरलेला?"

मैत्रेयीला कळलं नाही. "ते नाही सांगितलं."

"मार्चमध्ये नीट दिसेल," एकता म्हणाली आणि परत कांदा चिरू लागली.

मी टीव्ही बंद केला. मार्च आला आणि गेला. लॅपटॉप फळीवरच होता, वर धूळ होती. मी ती पुसली नाही. पुसली असती तर तिने पुढे कधी तो काढला की नाही, ते मला कळलं नसतं.