नव्वदावा तुकडा

माझा विषय भौतिकशास्त्र. ज्याचं मोजमाप घेता येत नाही त्याबद्दल मत देऊ नये, ही शिस्त मी स्वतःला लावून घेतली आहे. या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले, ते खरं तर त्यांतल्या चुका शोधण्यासाठीच. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसताना संकोच वाटतो. घडलं ते क्रमाने नोंदवते. निष्कर्ष काढत नाही... काढता आलेला नाही.

१९९६ च्या उन्हाळ्याची सुरुवात. आम्ही सुरतेत, उधन्याला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. पप्पा बँकेत, आई मराठी शाळेत शिक्षिका. पुण्याच्या एका संशोधन संस्थेची लेखी फेरी मी पार केली होती. मुलाखतीत एखाद्या विषयावर मॉडेल घेऊन बोलायचं होतं. पप्पांनी मला एकच वर्ष दिलं होतं. निवड झाली नाही तर जळगावचं स्थळ, हे घरात जवळजवळ ठरलेलं होतं.

मी साठ कार्बन अणूंचा रेणू निवडला. आकार फुटबॉलसारखा, बंध नव्वद. प्रत्येक बंधासाठी कागदाचा एक घडी घातलेला तुकडा. एकाचं टोक दुसऱ्याच्या घडीतल्या खिशात सरकतं, तीन तुकड्यांचा एक कोपरा होतो, आणि गोंदाचा थेंबही न वापरता अख्खा गोळा उभा राहतो. अट एकच — सगळे तुकडे एकाच दिशेने दुमडलेले हवेत. आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा तुकडा त्यांत बसत नाही. त्याचं टोक खिशाच्या नेमकं विरुद्ध बाजूला येतं. हे मत नव्हे, भूमिती आहे.

कागद मला शेजारच्या सिंधूमावशींनी दिला. मावशी मूळच्या अमळनेरकडच्या, बोलणं अहिराणी. कतारगामच्या एका कारखान्यात त्या हिरे ठेवायच्या कागदी पुड्या घडवायच्या. तिकडे त्यांना पडीकी म्हणतात. तो कागद पातळ, पण घडी घट्ट धरणारा. मावशी रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून तुकडे करू लागल्या. मी घडी स्टीलच्या पट्टीने दाबायचे, त्या अंगठ्याच्या नखाने. तीन लांब रेघा, मग एक आखूड... सर्र, सर्र, सर्र — सर्. त्यांच्या नखाची घडी इतकी बारीक आणि चकचकीत असायची की दुरूनही ओळखू यावी.

त्यांचे तीस तुकडे झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मावशी डावखुऱ्या होत्या.

"मावशी, हे सगळे उलटे आहेत. एकही बसणार नाही."

"मना हातच डावा शे व माय, कागद सुलटा कसा व्हई?" त्या हसल्या.

आई आतून म्हणाली, "मनावर घेऊ नका हो. लग्नातसुद्धा ही नवऱ्याला पट्टी लावून बघेल."

मी मात्र हसले नाही. "तीस कागद फुकट गेले," एवढंच म्हणाले. मावशी जरा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. मग उठताना म्हणाल्या, "शेवटली जागा मनासाठे ठेवजो, पोरी. तोपावत शिकी लेसू मी."

मी मान डोलावली. त्या शिकेपर्यंत त्यांच्यासाठी जागा ठेवण्याचा माझा काहीही विचार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तीसही तुकडे मी माझ्या हाताने न्हाणीतल्या बंबात घातले आणि ते जळताना पाहिले. ही नोंद महत्त्वाची आहे.

नंतरच्या आठवड्यात मावशी कारखान्यात बसल्या जागी गेल्या. हार्ट अटॅक.

राहिलेल्या कागदात माझे बरोबर नव्वद तुकडे झाले. संध्याकाळच्या गाडीने पप्पांबरोबर पुण्याला निघायचं, त्या दिवशी दुपारी मी गोळा बंद करायला घेतला. एकोणनव्वद बसले. शेवटचा तुकडा सरकवताना त्याचं टोक फाटलं... त्या जाडीचा कागद घरात उरला नव्हता. आई शाळेत, पप्पा बँकेत. दाराला कुलूप लावून मी रस्त्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. तिथे नुसता जाड कार्डपेपर होता. वीस मिनिटांत रिकाम्या हाताने परत आले.

आमच्या भागातल्या लूमच्या कारखान्यांना त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. एरवी दिवसभर खटखट चालू असते. त्या दुपारी मात्र जिन्यात माझ्या चपलांचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. दाराशी येऊन मी किल्ली काढली आणि थांबले.

आतून आवाज येत होता. सर्र, सर्र, सर्र — सर्.

पंखा बंद केल्याचं मला पक्कं आठवत होतं. उंदीर असेल, असंही मनात आलं. पण उंदीर तीन लांब आणि एक आखूड अशा क्रमाने कागद कुरतडत नाही. आवाज थांबल्यावर मी कुलूप उघडलं.

घरात कोणी नव्हतं. खिडक्यांना गज, मागचं दार नाही. टेबलावर माझा फाटलेला तुकडा ठेवला होता तसाच होता. शेजारी गोळा. पूर्ण बंद.

मी तुकडे तीनदा मोजले. नव्वद. एकोणनव्वदांवर पट्टीची सपाट घडी. एकावर नखाची — बारीक, चकचकीत. आणि तो तुकडा उलटा होता. त्याची टोकं जिथे पोहोचूच शकत नाहीत त्या खिशांत बसलेली होती, घट्ट.

आईकडे दुसरी किल्ली असायची. मी खाली जाऊन शाळेत फोन केला. ती पहिल्या तासापासून वर्गात होती.

मुलाखतीत समितीतल्या वयस्कर सरांनी गोळा हातात घेतला, फिरवला आणि त्यांचं बोट बरोबर तिथेच थांबलं.

"हा एक उलटा आहे. मग टिकला कसा?"

एखादं उत्तर जुळवता आलं असतं. क्षणभर जळगाव डोळ्यांसमोर आलं.

"मला माहीत नाही, सर. हा तुकडा मी केलेला नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आठ दिवसांनी निवडीचं पत्र आलं.

पुण्यात मी दोन-तीनशे उलटे तुकडे करून पाहिले. वेगवेगळे कागद, वेगवेगळ्या जाडीचे; डाव्या हातानेही केले. एकही टिकला नाही. तो गोळा आजही माझ्या टेबलावर आहे. इथल्या पावसाळ्यात कागद सैल पडतो आणि बाकीचे जोड मला अधूनमधून पुन्हा दाबावे लागतात. तो एक कधीच नाही. तो बाहेर काढून पाहिला तर कदाचित कारण कळेल... अजून काढलेला नाही.

विद्यार्थ्यांसाठी मी असे गोळे अजूनही करते. एकोणनव्वद तुकडे बसवते, शेवटची जागा मोकळी सोडते, एक कोरा कागद शेजारी ठेवते, खोलीला कुलूप लावते आणि वीस मिनिटं चहाला जाते. प्रयोगाची पुनरावृत्ती व्हायला हवी, हे त्याचं अधिकृत कारण. आजवर दर वेळी ती जागा मोकळीच सापडली आहे.

उधन्याला त्या दुपारी काय घडलं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. आणि स्वतःच कुलूप लावलेल्या खोलीचं दार उघडण्याआधी मी अजूनही टकटक का करते, याचंही नाही.